मुकी भिंत

"काल एक टाळी वाजवली की चारदा परत यायची. आज एकदाही नाही! अंकुश, काय करून ठेवलंस?" ऋषीसर कडाडले.

कामठीतल्या बंद पॉवरलूमच्या शेडमध्ये त्यांनी आवाजांचं प्रदर्शन मांडलं होतं. लोकांनी नुसतं ऐकावं म्हणून आत अंधार ठेवला होता. स्पीकरमधली मागाची खटखट मागच्या भिंतीवर आदळून घुमायची आणि कारखाना पुन्हा सुरू झाल्यासारखा वाटायचा. संध्याकाळी उद्घाटन होतं.

"सर, वायरी बराबर हायेत. चारदा पाहिल्या," वायरमन अंकुश म्हणाला.

"मग आवाज कुठे गेला? संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर माझ्याकडे पुन्हा कामाला येऊ नकोस."

अंकुश प्रशिकचा मामा. सुट्टीत प्रशिक, दीक्षा आणि नंदिनी ही पोरं इथेच पडीक असायची. मामाचं उतरलेलं तोंड पाहून प्रशिकनेही वायरी चाचपायला घेतल्या.

"सारे वायरीच्या मागं लागले. भिंतीकडं कोणी पाहूनच नाही राहिलं," दीक्षा म्हणाली.

तिघं भिंतीच्या कडेने टाळ्या वाजवत निघाली. दाराशी खणखणीत आवाज. मागच्या भिंतीपाशी मात्र टाळी फुस्स! नंदिनीने अंधारात हात पुढे केला, तर हाताला पोती लागली.

चिंध्यांची ती पोती काल सर गेल्यावर लपाछपीच्या किल्ल्यासाठी या तिघांनीच रचली होती. तीच आवाज गिळत होती.

"गुपचूप काढू. कोणाले काय समजते?" नंदिनी कुजबुजली.

पोती हलली आणि शेड घुमू लागली. ऋषीसर धावत आले.

"शाब्बास! कुठल्या गाढवाने ठेवली होती ही? अंकुश, पोरांकडून शीक जरा."

"माहा भाचा हाय तो," मामा कौतुकाने हसला.

ते हसू प्रशिकला सहन होईना. शाबासकी चोरीच्या मालासारखी वाटत होती.

"पोती आम्हीच ठेवली होती," तो पुटपुटला. पण भिंत आता मुकी नव्हती. "आम्हीच, आम्हीच," साऱ्या शेडने ऐकलं. दीक्षा आणि नंदिनी त्याच्या शेजारी येऊन खाली मान घालून उभ्या राहिल्या.

ऋषीसर ओशाळले. "अंकुश, उगाच बोललो तुला. चुकलं माझं. पोरांनो, खरं बोललात, हे मात्र शोधण्यापेक्षा मोठं."

मामा प्रशिकसमोर उकिडवा बसला. "मले बोलणी बसत होती, तवा काहून नाही सांगतलं गा?"

"तवा मले माहीत नव्हतं, मामा."

"अन् पोती सापडल्यावर?"

प्रशिकचे डोळे भरून आले. मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगतलं, हे चांगलं केलं. पण उशीर केला, बाबू."