शून्य सल्फाइट

“पोरीले ते तळेगावचं संत्र्याचं सरबत नोको देऊ, माय. पेली का तिची छाती वाजते,” सासूबाई तानाबाई म्हणाल्या होत्या.

“आई, मी स्वतः तपासलंय. सल्फाइट शून्य आलं.” पौर्णिमा हसली होती.

आता चार वर्षांची यशोधरा पुलगावच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती.

“सल्फाइट पोटात गेलं का?” डॉक्टरांनी विचारलं. “दम्याच्या मुलांना बाधतं.”

पौर्णिमा बाटली घेऊन तडक कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. सरबत टिकावं म्हणून घातलेलं सल्फाइट ओळखणारा सेन्सर तिचाच होता. इलेक्ट्रोडवर कार्बनच्या नॅनोट्यूब, त्यांवर एन्झाइमचा थर. सल्फाइट भेटलं की करंट चढतो.

इलेक्ट्रोड तयार करायचा तो तिचा सहकारी नीलेश. त्यानं फ्रिजमधून एक काढला, सल्फाइटच्या ठरलेल्या द्रावणात बुडवून मीटर चढवून दाखवला. “सेन्सर चांगला आहे, मॅडम.” मग टेबलाच्या खणातून तिच्यासाठी दुसरा काढला.

सरबत. शून्य.

तिनं तोच इलेक्ट्रोड त्या ठरलेल्या द्रावणात बुडवला.

शून्य.

तिनं स्वतः एन्झाइम लावून नवा इलेक्ट्रोड बनवला. या वेळी सरबतात काटा भसकन चढला.

“नीलेश, खणात कोणी एन्झाइम ठेवतं का? मे महिन्यात, पुलगावात?”

“विसरलो असन, मॅडम.”

“दर वेळी? चाचणीचा फ्रिजमधून, माझा खणातून. खणातल्यावर एन्झाइम नव्हतंच. नुसत्या नॅनोट्यूब. उकाड्यात खराब होणारं काही त्यावर असेल तरच फ्रिज लागतो ना!”

नीलेश टेबल पुसत राहिला.

“तुझं गाव तळेगाव. कारखाना कोणाचा?”

“बाबांचा. तुमच्या रिपोर्टावर ‘रसायनमुक्त’ छापता आलं. सारेच टाकतात, मॅडम. आमीच काऊन बदनाम?”

“टाकायचं तर टाका, लेबलावर लिहा! माझी पोर श्वासासाठी तडफडून राह्यली, अन् तू मले बदनामी सांगतो?”

“तुमच्या घरी जाते, हे मले नवतं माहीत.”

“दुसऱ्याच्या घरी गेलं असतं तर चाललं असतं?”

तिनं खण ओढून बंद केला.

“दमा असलेल्या आणखी कोणाला दिलंस?”

“आमच्या शेजारच्या कौशल्याबाईले. दम्याले चालते म्हणलं. तुमचं नाव सांगून.”

पौर्णिमानं त्याच्याकडून नंबर घेऊन फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

यशोधरा वाचली. कौशल्याबाई एकट्या राहतात, अजून फोन उचलत नाहीत; शेजारी नीलेशच्या घरीही कोणी उचलत नाही. तळेगावात कोणी हे वाचत असाल तर बाजारामागच्या त्यांच्या दारावर थाप मारा. आतून आवाज आला नाही तर कडी तोडा.