नऊ नंबरचा राखणदार

मणक्याच्या वॉर्डात बारा खाटा, म्हणून प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या लघवीतले जिवाणू वाढवायच्या बारा तबकड्या. सूक्ष्मजीवतज्ज्ञ निगार मुकादमने सकाळी एकेक तबकडी उजेडाकडे धरून मोजली. पाच कोऱ्या होत्या. सहांवर औषधांना दाद न देणारे जिवाणू उगवले होते, आणि त्या सहाही रुग्णांना ताप होता. उरली खाट नऊ. लघवीच्या दर मिलिलिटरमध्ये एक लाख दहा हजार जिवाणू, वॉर्डात सर्वांत जास्त. पण त्या खाटेवरच्या भिकाजी शिवगणांना दोन वर्षांत एकदाही ताप आला नव्हता. माडावरून पडून त्यांचे पाय गेले होते, एवढंच.

तो जिवाणू कसा आहे याचं उत्तर जनुकवाचक यंत्राने चाळीस मिनिटांत दिलं. ते घेऊन निगार वॉर्डप्रमुख डॉ. आठल्यांकडे गेली.

"शिवगणांना घरी सोडायचंय," ते म्हणाले. "तीनदा गोळ्या दिल्या, लघवी साफ होत नाही. आज दुपारपासून इंजेक्शन."

"सर, ते जिवाणू मला हवेत. संचितासाठी."

आठल्यांनी पेन खाली ठेवलं. तीन नंबरची संचिता एकोणीस वर्षांची होती आणि हा तिचा चौथा संसर्ग. चौदापैकी तेरा औषधं तिच्यावर निकामी ठरली होती. चौदावं चालायचं, पण मूत्रपिंडं झिजवायचं.

"आणखी एकदाच झेपेल तिला ते," आठल्ये म्हणाले. "पुढे डायलिसिस."

"दर वेळी आपण तिचं मूत्राशय रिकामं करतो, आणि आठवड्यात वॉर्डातला सर्वांत हट्टी जिवाणू ती जागा बळकावतो. या वेळी जागा रिकामी ठेवायचीच नाही. शिवगणांच्या जिवाणूची चिकटायची आकडीच मोडलेली आहे. तो लघवीत पोहतो, वाढतो, पण भिंतीत घुसत नाही. आणि दुसऱ्याला खायला काही उरू देत नाही."

"आणि उलटला तर?"

"चौदाही औषधांनी मरतो. सर्वांत जुन्या गोळीनेसुद्धा."

"चुकतंय तुमचं काहीतरी. तीच गोळी त्यांना तीनदा दिलीय. तिच्यातून वाचलेला जिवाणू तिनेच कसा मरेल?"

निगारने जनुकांचं वाचन दोनदा तपासलं होतं. मग चूक दुसरीकडेच कुठेतरी असायला हवी होती. ती सरळ नऊ नंबरपाशी गेली, मागोमाग आठल्ये.

"भिकाजीकाका, गोळ्या घेतल्या होत्यात ना?"

भिकाजींनी आढ्याकडे पाहिलं, मग आठल्यांकडे, आणि उशीखालून चहापावडरीचा जुना डबा काढला.

"ताप नाय, हुडहुडी नाय. मग गोळी कशाची खायची? टाकल्या असत्या तर सिस्टर ओरडली असती."

निगारने गोळ्या चादरीवर ओतून मोजल्या. चौदा दिवसांचे तीन कोर्स, रोज एक. बेचाळीस.

"मला सांगायचंत तरी," आठल्ये म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही सुई काढली असतीत."

गोळी पोटात गेलीच नाही म्हणून जिवाणू तिला सरावला नाही, आणि तोच हट्टी जिवाणूंना आत येऊ देत नाही, हे निगारने समजावलं तेव्हा भिकाजी खूश झाले. "म्हणजे राखणदार म्हणा की. आमच्या वाडीच्या वेशीवर एक हाय. त्याला नारळ देतात बाई, इंजेक्शन नाय."

आठल्यांनी दुपारची ऑर्डर खोडली.

नैतिकता समितीची परवानगी यायला नऊ दिवस लागले. संचिताची संमती मिळायला एक मिनिट.

"आजोबांचे जंतू?" ती म्हणाली. "मग मला माडावर चढता येईल की नुसतं पडता?"

"पडायचं मी शिकवीन," पलीकडून भिकाजी म्हणाले. "चढायचं तुझं तू बघ."

चौदावं औषध पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी निगारने नळीतून राखणदार सोडला. त्यानंतर दर आठवड्याला तिने तीन नंबरची तबकडी स्वतः मोजली.

नव्वदावा दिवस. खाट तीन. हट्टी जिवाणू : शून्य. राखणदार : दर मिलिलिटरमध्ये एक लाख दहा हजार. ताप : ९८.४.