रंगमंचाखालची पिठी

"मुंगळेच आहेत ते!" मामा वैतागून म्हणाला. "पावडर टाकलीय मी. आता माझं डोकं खाऊ नका!"

मामा नाट्यगृहाचा व्यवस्थापक. संध्याकाळी मुलांच्या नाचाचा कार्यक्रम, त्यामुळे त्याची नुसती धावपळ! सुट्टीसाठी आलेल्या त्याच्या भाचीला, चष्मिशला, मात्र हे पटेना. मुंगळे लाकूड खात नाहीत, त्यात नुसतं घर करतात. त्यांचा भुसा जाडाभरडा पडतो. रंगमंचाखाली तर चाळलेल्या पिठासारखी पिठी होती!

ती, तिचा भाऊ ढोल्या आणि शेजारची टिंगी टॉर्च घेऊन गुपचूप खाली उतरली. मधल्या तुळईला बारीक गोल भोकं होती. एकातून तपकिरी भुंगेरा डोकावला.

"सापडला चोर!" ढोल्या ओरडला.

"चोर याच्या अळ्या! आतून लाकूड खात बसतात," चष्मिश म्हणाली.

इतक्यात दार धाडकन लागलं. बाहेरून कडी सरकली. आत कुणी आहे का, हे मामाने बघितलंसुद्धा नव्हतं!

"मामा! अरे मामा!"

पण वर तालमीचे ढोल घुमू लागले. कोण ऐकणार? प्रत्येक उडीसरशी तुळई करकरत होती, पिठी केसांत पडत होती. चष्मिशच्या तोंडचं पाणी पळालं.

"आपण इथेच चेंगरणार!" टिंगी हुंदके देऊ लागली.

"रडू नको गं, मलापण रडू येतंय!" ढोल्या म्हणाला.

चष्मिशने केसांतली पिठी झटकली. "ऐका! भुंगेऱ्याच्या अळ्यांचं घर आणि ताट एकच. मुंगळ्यांना मात्र खाणं आणायला बाहेर जावंच लागतं. मामाला दिसलेले मुंगळे शोधा, तेच बाहेरची वाट दाखवतील!"

पावडर चुकवत भिंतीच्या कडेने मुंगळ्यांची रांग चालली होती. ती एका जुन्या रंगवलेल्या पडद्यामागे शिरत होती. पडदा ओढला, तर मागे फळ्या ठोकलेली खिडकी! चौकटही भुंगेऱ्यांनी पोखरलेली. ढोल्याने दोन लाथा घातल्या आणि फळ्या बाहेर पडल्या!

तिघं धावत रंगमंचासमोर आली. "थांबा! सगळे खाली उतरा!"

"काय तमाशा चाललाय?" मामा कडाडला.

पण नाट्यगृहाचे सुतारकाका टॉर्च घेऊन खाली गेले. त्यांनी तुळईत पटाशी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली! वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब, पोरं आणखी थोडा वेळ नाचली असती ना, तर सगळी खाली आली असती."

मामा मटकन खुर्चीत बसला. "मुंगळे म्हणून मी मोकळा झालो! आणि न बघता तुम्हाला खाली कोंडलंही मीच. पोरांनो, माझे डोळे उघडलेत तुम्ही. शाब्बास!"

कार्यक्रम पटांगणात झाला. मामाने तिघांना पुढे बोलावलं, तेव्हा टाळ्या थांबता थांबेनात. नंतर पहिल्या रांगेतल्या मानाच्या खुर्च्या सोडून चष्मिश सगळ्यात कडेला, मांडवाबाहेर, मोकळ्या आभाळाखाली पाय पसरून बसली.