दहावा कॉल

लालासाहेबांनी उभी हयात रुग्णवाहिका चालवली. अंधार पडल्यावर ते पारावर बसले, की पोरं आपोआप जवळ सरकत. त्या रात्री शंभूराजनं खोडी काढली, "आबा, आता भूत बी टॅबवर येतंय म्हणं?"

लालासाहेब हसले नाहीत. "पूजा सिस्टरला इचार. तिनंच सांगितलं मला. भामाबाईला शेवटची नेली, ती माज्याच गाडीतनं."

विट्याच्या पूर्वेला माळावर एक उपकेंद्र आहे. तिथं डॉक्टर नाही. पूजा आहे, एक टॅब आहे आणि टॅबवर व्हिडिओ कॉलनं दिसणारा डॉक्टर आहे. रोज दहा पेशंट त्याला दाखवायचेच, असा वरून हुकूम. दहा भरले नाहीत तर पूजाचा करार वाढत नाही. निम्मं गाव मेंढरं घेऊन बाहेर पडलेलं, पेशंट आणायचे कुठून? मग ती जुन्या पेशंटचं नाव टाकून स्वतःच स्टुलावर बसायची. डॉक्टर मान वर न करता गोळी लिहायचा. वरच्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांना आकडा हवा होता, तो मिळत होता.

भामाबाई दिवाळीत आली होती. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम, पांघरलेलं लोकरीचं घोंगडं भिजलेलं. तिचा म्हातारा, धुळा, दाराशी उभा. डॉक्टर म्हणाला, पित्त आहे, दोन गोळ्या द्या. दीड मिनिटात कॉल संपला. पूजाला शंका आली होती, पण ती बोलली नाही. तासाभरात कळ वाढली, लालासाहेबांची गाडी आली. विटा यायच्या आत भामाबाई गेली.

तिचं नाव पूजानं यादीतून काढलं नाही. दहा भरायला उपयोगी पडायचं.

३१ मार्च, मंगळवार. महिनाअखेर, म्हणून डॉक्टरची लाईन रात्री आठपर्यंत चालू होती. नऊ पेशंट झाले होते, एक राहिला होता. करार उद्या वाढायचा होता. आठला वीस मिनिटं कमी असताना पूजा अर्ध्या ताटावरून उठून उपकेंद्रात आली. दिवा लावला. भामाबाईचं नाव दाबलं.

डॉक्टर पडद्यावर आला. आज पहिल्यांदाच त्यानं मान वर केली.

"सिस्टर, बाजूला व्हा. आजींना बोलू द्या."

खोलीत पूजा एकटी होती.

"कोण आजी, सर?"

"तुमच्या मागं. पलंगावर बसल्यात त्या."

लोकरीचा वास आला. ओल्या लोकरीचा. पूजाची मान वळेना.

डॉक्टर ऐकत होता. पूजाला काहीच ऐकू येत नव्हतं...

"कधीपासून दुखतंय?"

...

"दिवाळीपासून?"

...

मागं पलंग करकरला.

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. मान खाली घातली.

"पित्त आहे. दोन गोळ्या द्या."

कॉल बंद. दहा भरले.

पूजा दार उघडं टाकून पळाली.

पारावर पोरं एकमेकांना खेटून बसली. मग शंभूराजनं हळूच विचारलं, सिस्टरची नोकरी गेली का?

"न्हाई रं. करार वाढला. अजून तिथंच हाय. रोज दहा."

"आन् त्या गोळ्या?"

"तिनं दिल्याच न्हाईत. कपाटाला कुलूप हुतं." लालासाहेब पुढं वाकले. "सकाळी धुळा उपकेंद्रात आला. म्हणला, भामाला पुरली तिथल्या दगडावर ह्या कुणी ठिवल्या? मूठ उघडली त्यानं..."

दोन गोळ्या. न गिळलेल्या.