चार खिळे

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, भाजीवाल्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली कोथिंबीर, वर मदरबोर्ड. एमआयडीसीतल्या कामगारांचे मोबाइल, शाळांचे प्रिंटर आणि गेम अडला की तोंड पाडून येणारे कॉलेजवाले, यांच्यावर माझं बरं चाललं आहे. अकरा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली : यंत्र रुसत नाही. ते बिघडतं, आणि बिघाडाला कारण असतं. गिऱ्हाईक ‘आपोआप झालं’ म्हणालं की माझं डोकं सणकतं. आपोआप फक्त धूळ साचते.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मंगलामावशी जिना चढून आल्या. तारापूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी त्यांचं घर. आठवड्यातून दोनदा त्या आमच्या इमारतीखाली सुकी मासळी घेऊन बसतात, तेवढीच ओळख. त्यांनी डोक्यावरची टोपली माझ्या काउंटरवर उतरवली आणि बोंबलांच्या खालून टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काढला.

“ह्यात माजा सुजीत हाय,” त्या म्हणाल्या. “तो हलत नाय. त्याला हलता कर.”

मला आधी वाटलं, फोटो किंवा व्हिडिओ असेल. निघाला तो गेम. संसाराचा खेळ म्हणतात तसला. आपण माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं आणि मग सांगत बसायचं, जेव, आंघोळ कर, कामाला जा. मारामारी नाही, बंदुका नाहीत. सांगितलेली कामं कोपऱ्यात लहान चौकोनांच्या रांगेत लागतात आणि माणूस ती एकेक उरकतो.

“लॅपटॉप कोणाचा?”

“सुनेचा. उन्नतीचा. ती कंपनीत गेली. तिला नको सांगू.”

“आणि सुजीत?”

“पोरगा माजा. आठ म्हयने झाले, आडवा हाय. डोळे उगडे, पन बोलत नाय, हात हलवत नाय. पालघरला नेला, मुंबईला नेला. डाक्टर बोलतात काय बी झाला नाय.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “ज्या दिशी सुनेने त्याला ह्यात झोपवला, त्याच दिशी तो आडवा झाला. मी डोळ्यांनी बगला हाय.”

एरवी मी असल्या गिऱ्हाइकाला हसून वाटेला लावलं असतं. पण त्या रडत नव्हत्या, आणि ते मला जास्त लागलं. म्हटलं, म्हातारीच्या समाधानासाठी एक बाहुला हलवून देऊ. आपलं काय जातंय?

त्या गेल्यावर मी कामाला लागलो.

घर हुबेहूब बनवलेलं होतं. कौलारू छप्पर, पडवीत मासळी वाळवायची वलांडी, स्वयंपाकघरात ओटा, ओट्याखाली पाटा-वरवंटा. माणसं तीन. मंगलामावशी पडवीत, उन्नती चुलीपाशी आणि आतल्या खोलीत पलंगावर उताणा सुजीत. त्याला काहीही काम दिलं की ते रांगेत लागायचं आणि लगेच गळून पडायचं. पाणी पी, गळालं. ऊठ, गळालं.

माझी एक पद्धत आहे. प्रत्येक गेमसाठी मी चाचणीचा माणूस तयार ठेवतो. माझाच चेहरा, चौकड्यांचा शर्ट, चष्मा, नावही माझंच, निमेश. तो बिघडलेल्या घरात सोडायचा. तोही अडकला तर दोष घरात, तो नीट चालला तर दोष त्या माणसात. मी आधी मूळ खेळाची एक प्रत काढून ठेवली आणि मग निमेशला घरात सोडलं. गडी ऐटीत चालला. पाणी प्यायला, खुर्चीवर बसला. म्हणजे दोष सुजीतमध्ये किंवा त्याच्या आसपास होता.

मी भिंती काढून बघितल्या, पलंग बदलून बघितला. शेवटी जमीन झूम करून पाहिली तेव्हा दिसलं. पलंगाच्या चारही कोपऱ्यांशी जमिनीत चार बारीक काळे खिळे रुतवलेले होते. वस्तूंच्या यादीत त्यांना नाव नव्हतं. कुठूनतरी उतरवून घेतलेला कचरा, मी मनात म्हणालो. असल्या कचऱ्यानेच माणसं अडतात. मी पहिला खिळा काढून बाजूला ठेवला.

सुजीतचं बोट हललं.

दुसरा काढला, त्याने मान वळवली. तिसऱ्याला तो उठून बसला. चौथा निघाला तसा तो उभा राहिला, आणि मी सांगितलं ते सगळं त्याने मुकाट्याने केलं. तोंड धुतलं, पाणी प्यायला. बिघाडाला कारण असतं ते असं. मी स्वतःवर खूश होऊन मंगलामावशींना फोन लावला.

मी बोलायच्या आधीच त्या ओरडल्या. “उटला रे! माजा सुजीत उटला! पानी मांगला!”

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. योगायोग, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग जेवलो. जेवण नीट गेलं नाही.

साडेतीनला जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. तिशीची एक बाई, अंगात कंपनीचा निळा एप्रन, केसांवरची जाळी तशीच. पहिल्या पाळीवरून सुटून ती थेट आली होती.

“सासूचा फोन आला, तो उठला म्हणून. खिळे कुठं हायेत?” तिने विचारलं.

ती उन्नती. मी उसनं हसून सांगायला लागलो की ते खिळेच तर खराब होते. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. उजवी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती.

“भाकरी करपली म्हणून तव्यावर दाबून धरला होता. वीस आकडे मोजले त्याने.” मग डावा हात पुढे केला. दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली होती. “ही दारात घालून दार लावलं. तेव्हा आई, म्हणजे सासू, बाहेर होती. बाहेरून कडी तिनेच घातली होती. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून.”

मी खुर्ची पुढे सरकवली, पण ती बसली नाही.

“माझा आजा, बुधा, जव्हारकडे भगत होता. कोणी अंगावर चालून यायला लागलं, मेलेलं का जितं, तर तो त्याला झोपल्या जागी चार कोपऱ्यांनी खिळून टाकायचा. मला घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी ह्यात माणसं केली. बोटं मोडली त्या दिवशी रागाने त्याला ह्यात खिळला. खेळातली बागेची खुंटी बारीक केली, काळी रंगवली, नाव पुसलं. नुसता राग होता हो, दादा. सकाळी उठले तर तो खरंच खिळलेला.” तिने बाही खाली ओढली. “आठ महिने मी त्याला चमच्याने मऊ भात भरवला. मरू दिला नाय. पण उठूही दिला नाय.”

“घरी जाऊ नका,” मी म्हणालो. “पोलिसांत जाऊ. मी येतो.”

“आणि आई? ती एकटी हाय त्याच्याजवळ.”

कडी घालणाऱ्या सासूची काळजी तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मला स्वतःची लाज वाटली. सुजीतला परत खिळायचं म्हणून मी दुरुस्तीआधीची प्रत उघडली. तीत सगळं जसंच्या तसं असायला हवं होतं. पडवी, ओटा, पलंग. चारही खिळे जागेवर होते.

पलंग रिकामा होता.

मी परत चालू खेळात आलो. सुजीत स्वयंपाकघरात उभा होता. त्याच्या कामांच्या रांगेत एक चौकोन लागला होता, पूर्ण काळा, नाव नसलेला. मी तो काढला. तो पुन्हा लागला. मी खेळ थांबवायचं बटण दाबलं. घड्याळ थांबलं. सुजीत थांबला नाही.

तेवढ्यात उन्नतीचा मोबाइल वाजला. आईचा फोन. तिने स्पीकर लावला.

“उन्नती, तू येऊ नको,” मंगलामावशी कुजबुजल्या. “तो तुला शोदतो. मी बोलली तू कंपनीत हाय, तर मला...” पुढे धप्प असा आवाज आला.

पडद्यावर सुजीतने म्हातारीचे केस धरले होते. असली हालचाल त्या खेळात नाही. मी तो खेळ कोळून प्यायलो आहे, त्यात कुणी कुणाचे केस धरू शकत नाही. त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. फोनमधून तोच आवाज आला. मग पुन्हा. फोनमधलं ओरडणं तिसऱ्या वेळी बंद झालं, आपटणं नाही. ओट्यावरून लाल काहीतरी खाली उतरत होतं. त्या खेळात रक्तही नाही.

“खिळे मारा!” उन्नती किंचाळली.

“तो एका जागी राहत नाही!”

खरंच राहत नव्हता. मी एक खिळा रुतवेपर्यंत तो दोन पावलं सरकलेला असायचा. त्याने वाकून वरवंटा उचलला आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या उन्नतीकडे वळला. बाहुलीकडे म्हणायचं मला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या उन्नतीने तेव्हा दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं.

मग तिची नजर पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर, चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस अजून बसलेला होता. काम झाल्यावर त्याला काढून घ्यायचं मी विसरलो होतो.

तिने माझ्या हातातला माऊस हिसकावला.

“थांबा,” मी म्हणालो.

ती थांबली नाही. तिने निमेशला उठवलं आणि दोघांच्या मध्ये नेऊन उभं केलं.

वरवंटा खाली आला.

माझ्या बरगडीत कळ गेली. मी काउंटर धरला.

दुसरा घाव खांद्यावर बसला. चष्मा उडाला. माझाच, खराखुरा, फरशीवर.

सुजीतने वरवंटा टाकला आणि निमेशचा गळा धरला. आता तो एका जागी होता. दोन्ही हात गुंतलेले.

माझा श्वास अडकला.

पहिला खिळा. दुसरा. उन्नती कोपरे मोजून रुतवत होती.

तिसरा.

चौथा.

सगळं थांबलं. मला श्वास आला, थोडा. फोनमधून खाडीवरच्या वाऱ्याचा आवाज येत होता, आणि कुठेतरी कोंबडी.

शेजाऱ्यांना मंगलामावशी ओट्याखाली सापडल्या. कवटी फुटली होती. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या, शुद्धीवर न येता. आठ महिने न हललेल्या माणसावर कोण संशय घेणार? त्याला एकटीने उचलायला गेली आणि तोल जाऊन पडली, असं कागदावर लागलं. सुजीत स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा होता, डोळे उघडे. फक्त त्याचे हात छातीवर उचललेले होते आणि बोटं वाकलेली, मधल्या मोकळ्या जागेला धरून. ते हात डॉक्टरांना अजून सरळ करता आलेले नाहीत.

लॅपटॉप माझ्या दुकानात आहे. खेळ थांबवलेला आहे. चार खिळ्यांच्या मध्ये दोन माणसं उभी आहेत. निमेशला बाहेर काढायचा तर एक तरी खिळा काढावा लागतो, आणि एक खिळा निघाला की काय होतं ते मी बघितलं आहे. पहिल्या दिवशी सुजीतच्या हातात आणि निमेशच्या मानेत थोडी फट दिसायची. आता दिसत नाही. मी घसा दाखवून आलो, दोन ठिकाणी. सगळं ठीक आहे म्हणतात.

उन्नती रोज पाळी सुटली की येते. कीबोर्डवरचं डिलीटचं बटण तिने पहिल्याच संध्याकाळी चाकूने उपटून काढलं, टचपॅड खरवडून निकामी केला. माऊस ती पर्समध्ये घालून घरी नेते. माझ्याशी फार चांगलं वागते. मी दुसरा माऊस सहज आणू शकतो, दुकानच माझं आहे. ते तिलाही ठाऊक आहे. म्हणून ती जाताना माझ्याकडे बघत नाही, आणि मी रोज ठरवतो की उद्या आणीन.

आज ती डबा घेऊन आली. आज सकाळपासून मला चहासुद्धा उतरत नव्हता, पण ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिने डबा उघडला, भात चमच्याने चेपून चेपून मऊ केला आणि पहिला चमचा माझ्या तोंडाशी धरला.