चिंचघाटची बुडवलेली नाव

"पाखरं हाकलून राह्यली म्हातारी. दुसरं काय?" भागीरथा म्हणाली आणि कच्च्या चिंचेचा तुकडा मिठात बुडवून तिनं तोंडात टाकला.

"कोन्ती पाखरं?" नासिरनं विचारलं. "तिचा मका तर कधीचाच मोडून झाला. इथून रिकामी धांडं दिसतात."

तिघं पैनगंगेच्या काठावर चिंचेखाली बसली होती. पलीकडून पत्र्याचा डबा वाजवल्याचा आवाज येत होता. पावसाळा सरला तरी पात्र भरलेलं होतं, आणि एवढं पाणी ओलांडून येईपर्यंत तो आवाज अगदी बारीक होत होता. त्या काठावर मथुराबाईची एकटी झोपडी होती. आसपास दुसरं घर नव्हतं.

"आयका," नासिर म्हणाला. "पाखरं हाकलनारा मानूस वाजवतच राह्यते, वरून हो-हो करते. हे वाजवते आन् थांबते. थांबते कायले?"

"हात दुखत असन तिचा," शहनाज म्हणाली.

"नाही. ते आयकून राह्यली. कोनी ओ देते का म्हनून."

असलं काही नासिरलाच ओळखू यायचं, आणि त्याला कारण होतं. तो यवतमाळचा. त्याला आई नव्हती, आणि अब्बा, म्हणजे युनूस मेकॅनिक, बिघडलेल्या ट्रकांच्या मागे जिल्हाभर फिरायचे. सुट्टी लागली की पोराची रवानगी चिंचघाटला, आयशाबी फुफीच्या, म्हणजे आत्याच्या घरी. "दिवाळीत येतो अन् तुला घेऊन जातो," असं अब्बा म्हणाले होते. दिवाळी होऊन गेली. रोज संध्याकाळी ढाणकीच्या मोटारीचा भोंगा ऐकू आला की नासिर सडकेवर जाऊन उभा राहायचा, आणि मोटार न थांबता गेली की परत यायचा. फुफीची मुलगी शहनाज त्याच्याशी खेळायची, शेजारची भागीरथाही यायची. तरी त्याला फार एकटं वाटायचं. कान लावून बसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"चला, नानाजींले सांगू," तो उठत म्हणाला.

नानाजी म्हणजे भागीरथाचे आजोबा, पण गावाबरोबर तीही त्यांना नानाजीच म्हणायची. चिंचघाटच्या नावेचा ठेका त्यांचा आणि नावही त्यांचीच. ती चालवायचा मथुराबाईचा नवरा गुलाबसिंग. पुढे वरच्या अंगाला, पोरांना पायी जाववणार नाही इतक्या लांब, पूल झाला, मोटारी सुरू झाल्या, गुलाबसिंग वारला, आणि पुरात वाहून जाऊ नये म्हणून नानाजींनी नाव काठावर ओढून ठेवली. मथुराबाई मात्र पलीकडेच राहिली. अलीकडचे म्हणत, "ती त्या काठची, तिकडचे पाहतील." पलीकडच्या लांबच्या गावातले म्हणत, "ती नावाड्याची, घाटवाले पाहतील." पूर्वी मधून निजामाची हद्द जायची. आता दोन्ही काठ एका राज्यात आले होते, पण मथुराबाई कुणाच्याच हिशेबात आली नव्हती.

नानाजी अंगणात कापसाच्या ढिगाशी उभे होते. त्यांनी अर्धवट ऐकलं.

"अरे, ते म्हातारी जन्माची डबा वाजवते. वेचणीचे दिवस हायत, मानसं कुठून धाडू? कापूस घरात येऊ दे, मंग पाहू."

"मंग नाव द्या. आमी जातो," भागीरथा म्हणाली.

"नाव?" नानाजी मनापासून हसले. "थे झाली लाकडं. फटीतून बोट जाते. चार रोजानं कुऱ्हाड लावनार हावो तिले. जा, खेळा."

घरी सांगितलं, तर आयशाबींनी नासिरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बेटा, बडे लोग देख लेंगे." मोठी माणसं असंच म्हणतात, आणि पाहायचं मात्र राहून जातं.

तिघं थेट नावेकडे गेली. काठाच्या उतारावर, दोन ओंडक्यांवर ती आडवी पडली होती. नासिरनं खिशातून अब्बांनी दिलेला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढला आणि प्रत्येक फळीत टोचून पाहिला.

"सडली नाही हे. लाकूड टन्नक हाय. नुसत्या फटी पडल्या, त्यात ठोकलेला जुना कापूस गळून गेला."

"कापसाचं काय घेऊन बसला!" भागीरथा म्हणाली. "आमच्या घरात बसाले जागा नाही एवढा पडला हाय."

झालं! भागीरथानं ओटीत भरून कापूस आणला, शहनाजनं अम्मीच्या कपाटातून जवसाच्या तेलाची बाटली आणि मलमासाठी ठेवलेली राळ पळवली, नासिरनं गावच्या सुताराकडून बोथट पटाशी आणि लाकडी मोगरी मागून आणली. तीन दगडांवर डब्याच्या झाकणात राळ आणि तेल कढवलं. कापसाचे लांब पेळू करून त्यात भिजवले आणि ठोकायला सुरुवात केली.

"दाब, अजून दाब," भागीरथा सांगत होती. "गाडीत कापूस कसा भरतात? पायानं तुडवून तुडवून. जितका गच्च, तितका चांगला."

कापसाच्या मुलखातली पोर ती! कापूस म्हटला की तुडवायचा, हे तिच्या रक्तात होतं. तिघांनी फटी इतक्या गच्च भरल्या की सुईला शिरायला जागा उरली नाही. मग घागरींनी नावेत पाणी ओतलं. बाहेर थेंब आला नाही.

"आपन तर पास झालो," शहनाज म्हणाली. पाणी तसंच ठेवून तिघं खुशीत घरी गेली.

सकाळी पाहतात तर एका बाजूच्या दोन फळ्या खिळ्यांसकट उचकटून बाहेर आलेल्या, आणि पाणी सगळं मातीत! पलीकडून डबा वाजला. आज तो अगदी थोडा वाजला, आणि मधलं थांबणं फार लांबलं.

"कोनी मुद्दाम केलं असन," भागीरथा म्हणाली.

शहनाज वाकून फळ्या चाचपत होती. "कोनी नाही केलं. मागं अम्मीनं चने भिजवून डब्याले झाकन लावलं होतं, आठवते? चने फुगले आन् झाकन उडालं. लाकूडबी फुगलं. फट गच्च भरलेली, मंग ते जाईन कुठं? फळी ढकलून देल्ली त्यानं."

नासिरनं फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूहळू म्हणाला, "म्हनजे उन्हात वाळून फळ्या आक्रसल्या, म्हनून फटी पडल्या. भिजल्या तर आपल्या आपन मिटतीन. आपल्याले फक्त उरलेल्या भराच्या हायत. पन सारी नाव भिजवाची कशी?"

त्याचं उत्तर त्याच दुपारी नानाजींच्या घरातून आलं. भागीरथा धापा टाकत पळत आली.

"उद्या सकाळीच तोडनार हायत! कुऱ्हाडीले धार लावून राह्यले. चला, कुठंतरी लपवू."

"एवढी मोठी नाव लपवाची कुठं?" शहनाजनं विचारलं.

नासिर नदीकडे पाहत होता. "पान्यात," तो म्हणाला. "बुडवू तिले."

"दुरुस्त कराची का बुडवाची? एक काय ते ठरव, बाबा," भागीरथा म्हणाली, पण हे म्हणेपर्यंत तिला कळलं होतं आणि ती बैल आणायला वळली होती.

नानाजी धार लावण्यात गुंतले होते, बाकी सगळा गाव वेचणीला गेला होता. कोंबलेला कापूस त्यांनी उपसून काढला. नासिरनं वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले आणि उचकटलेल्या फळ्या पुन्हा बसवल्या. भागीरथानं बैलांना सोल, म्हणजे जाड दोर, लावून नाव पाण्याच्या कडेशी आणली, आणि तिघांनी रेटून ती पाण्यात घातली. काठाजवळच, छातीभर पाण्यात, दगड भरून भरून त्यांनी तिला तळाशी बसवली. गढूळ पाण्यात वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नानाजी कुऱ्हाड घेऊन आले आणि मोकळ्या ओंडक्यांकडे बघत उभे राहिले.

"चोरली! त्या काठच्यांनी चोरली माही नाव!"

"पन नानाजी," भागीरथानं अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "थे तर फुटकी होती ना? मंग कशी पलीकडं नेली असन त्याहीनं?"

नानाजी काठावर येरझारा घालत राहिले. त्यांची नाव त्यांच्यापासून हातभर पाण्याखाली भिजत होती आणि शहनाज तोंडात ओढणी कोंबून चिंचेमागे बसली होती.

नाव भिजेपर्यंतचे मधले दिवस काढणं नासिरला जड गेलं. डबा सकाळी वाजायचा, मग फक्त संध्याकाळी. तो काठावर जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरून "होऽऽ" अशी हाळी द्यायचा. पण वारा तिकडून इकडे वाहत होता. त्याची हाळी पलीकडे पोचत नव्हती, हे त्याला कळत होतं. तरी तो द्यायचा. एका संध्याकाळी मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा तो सडकेवर गेलाच नाही.

मग एका सकाळी डबा वाजलाच नाही.

"आज काढाची," नासिर म्हणाला.

तिघं पाण्यात उतरली. बुड्या मारून दगड काढले, सोल बांधला, बैलांनी नाव उतारावर ओढली आणि आतलं पाणी ओतून दिलं. नासिरनं फळ्यांवरून हात फिरवला. जिथं बोट जायचं तिथं आता नखही जात नव्हतं. दोनच ठिकाणी बारीक फट उरली होती. तिथं त्यांनी ओलं पुसून, राळ-तेलाचे बारीक पेळू हलक्या हातानं बसवले.

"गच्च नोको," भागीरथा स्वतःच म्हणाली.

आधी सोल चिंचेला बांधून त्यांनी नाव काठाकाठानं तरंगवून पाहिली. ती तरली. मग सोल सुटला. लांब बांबू भागीरथाच्या हातात होता. ती नदीवरच वाढलेली, पाण्याचा तळ तिला पायाखालच्या वाटेसारखा ठाऊक होता. मधल्या धारेत नाव आडवी फिरली, तेव्हा शहनाजनं डोळे मिटून घेतले. भागीरथानं बांबू रोवला, नासिरनं दुसऱ्या बाजूनं फळीचं वल्हं मारलं, आणि ओढ मागे पडली.

मथुराबाई झोपडीच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. पाय घोट्यापाशी सुजून काळानिळा झाला होता. घडा कोरडा होता. शेजारी पत्र्याचा डबा आडवा पडला होता.

"कोन?" तिनं विचारलं. आवाज फुटत नव्हता.

"आमी घाटावरचे, आजी." नासिरनं बरोबर आणलेलं पाणी तिच्या तोंडाशी धरलं. ती सावकाश प्यायली. शहनाजनं भाकर पुढे केली, ती तिनं हातात नुसतीच धरून ठेवली.

"पान्याले गेलती, गोट्यावरून पाय सरकला," ती म्हणाली. "उठताच येत नाही."

"चाला, तुमाले नेतो," भागीरथा म्हणाली.

"जाऊ ना, माय. आधी बसा थोडं. लय दिवस झाले, कोनी बसलं नाही इथं."

तिघं बसली. घाई होती तरी बसली. मथुराबाई तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. नासिरला एकदम रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

परतताना नाव भारी झाली आणि एका फटीतून पाणी झिरपू लागलं. शहनाजनं तोच डबा घेऊन सारखं पाणी उपसलं.

काठावर निम्मं गाव जमलं होतं. सर्वांत पुढे नानाजी. चोरीला गेलेली आपली नाव भर उन्हात नदीतून चालत येताना पाहून त्यांनी काठी उगारली होती. आत कोण आहे ते दिसलं आणि काठी हळूच खाली आली. त्यांनीच गुडघाभर पाण्यात उतरून मथुराबाईला उचललं.

आयशाबींनी शहनाजला एक धपाटा घातला, मग तिघांनाही पोटाशी धरलं. सुतार नावेच्या फळ्या ठोकून बघत म्हणाला, "शाबास रे पोरांनो, हे काम माह्यापेक्षा चांगलं झालं." नानाजी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माही चूक झाली. मी तोडाले निघालो होतो आन् या लेकरांनी नाव वाचवली, मानूसबी वाचवलं. आजपासून घाटावरची नाव याहीच्या हवाली."

लोक हसले, बोलले, कुणी चहा आणला. आयशाबी मथुराबाईचा पाय हळदीनं शेकत होत्या. तेवढ्यात तिनं मान वर करून विचारलं, "नानाजी, माह्या डब्याचा आवाज इकडं येत होता का?"

नानाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते बोलले नाहीत.

"येत होता, बाई. रोज येत होता."

मथुराबाईनं मान हलवली. "मले वाटे, येत नसन," ती म्हणाली.

नानाजींना तिथे उभं राहवेना. ते कापूस तसाच टाकून, तिची शेळी आणि भांडीकुंडी आणायला स्वतः पलीकडे निघाले. मथुराबाईनं शेजारी बसलेल्या नासिरचा हात घट्ट धरला होता. संध्याकाळी ढाणकीची मोटार आली आणि गेली, तरी त्यानं तो सोडवून घेतला नाही.