मापाची बाई

रविवारची सकाळ आत्याच्या डाव्या पावलाची पट्टी बदलण्यात गेली. कोमट पाणी, कापूस, मलम, जाळीची पट्टी आणि वर सैल मोजा. हे चालू असताना ती नेहमीप्रमाणे तोंड फिरवून बसली होती. दोन बोटे केव्हाच काळवंडली होती. आता तो काळेपणा घोट्याच्या दिशेने सरकत होता. मी हात धुतले, चहा करून थर्मासमध्ये ओतला, पाव आणि उकडलेली अंडी डब्यात घातली, खाली जाऊन गाडीच्या चाकांतली हवा पाहिली. वर आले तेव्हा दादाचा फोन वाजत होता.

"उद्या सकाळी तिला दाखल करायचंय, आणि तू तिला गावोगाव हिंडवणार?"

"मी नाही, तीच मला हिंडवतेय."

आत्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "हे बघ, उद्या तुझे डॉक्टर गुडघ्याखालचं सगळं घेणार आहेत. घेऊ देत. त्याआधी पायांना जरा फिरवून आणते. जन्मभर राबलेत बिचारे." आणि तिने फोन ठेवून दिला.

मी विद्यापीठात वास्तुकलेचा इतिहास शिकवते. सरोवराच्या काठी एकामागून एक वसलेल्या सुट्टीच्या गावांमध्ये गेल्या शतकाच्या मध्याला बांधलेली काही घरे आहेत: सपाट छपरांची, खांबांवर उचललेली, पाण्याकडे एकच मोठी काच असलेली. आमच्या वास्तुप्रेमी मंडळाने पुढच्या महिन्यात ती घरे गाडीतून फिरून पाहण्याची सहल आखली होती आणि मार्ग ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. ही सगळी घरे एकाच वास्तुतज्ज्ञाची. आत्या त्याला 'साहेब' म्हणे. तरुणपणी तिने त्याच्या कचेरीत नकाशे रेखाटले होते.

नकाशात घराची उंची नजरेला कळावी म्हणून माणसाची आकृती काढतात. इतर कचेऱ्यांत त्यासाठी तयार छाप असत. साहेबांना ते पसंत नव्हते. त्यांनी आत्याला भिंतीवर चिकटवलेल्या कागदासमोर उभे केले आणि पेन्सिलने तिची बाह्यरेषा काढून घेतली. पुढे प्रत्येक घराच्या नकाशात ती सरोवराकडच्या खिडकीशी उभी असे, डावा हात चौकटीच्या ओट्यावर, म्हणजे काचेखालच्या लाकडी फळीवर. ओट्याची उंचीही त्या हातावरूनच ठरे.

"पुरुष का नाही उभा केला?" गाडीत मी विचारले.

"साहेब म्हणायचे, पुरुष खिडकीशी उभा राहिला की घर विकायला काढल्यासारखं वाटतं."

ती हसली.

पहिले घर एका दंतवैद्याचे. तो दारातच उभा होता, सुट्टीच्या पोशाखात, मोठ्या आवाजात. "या, या! दात दाखवायला नाही आलात, म्हणजे बरी माणसं दिसता." बैठकीची खोली लांबट होती, खाली राखाडी मोझेकची जमीन, समोर भिंतभर काच. आत्या काठी टेकत थेट काचेकडे गेली आणि तिने डावा हात ओट्यावर ठेवला. हात नेमका बसला. त्यात नवल नव्हते. ओटा तिच्याच मापाचा होता.

मी जमीन पाहत होते. आत्या उभी होती तिथे मोझेक झिजला होता. दोन उथळ खळगे, शेजारी शेजारी.

"हे असं कशानं झालं?"

"आम्ही घर घेतलं तेव्हापासून आहे," दंतवैद्य म्हणाला. "सामान दोनतीनदा हलवलं. पण का कोण जाणे, तिथं काही ठेववत नाही. बायको म्हणते, वाट अडते. काचेकडे कसली वाट, सांगा!"

आधीच्या मालकाची जड कुंडी असेल, किंवा छतातून ठिबकणारे पाणी. दगड झिजायला कारणे पुष्कळ असतात. मी छायाचित्र घेतले. आत्याने पावले त्या खळग्यांत ठेवली होती आणि डोळे मिटले होते. आम्ही निघालो तेव्हा दंतवैद्य फाटकापर्यंत आला नाही. तो खोलीच्या मधोमध उभा राहून काचेकडे पाहत होता, एखादी वस्तू जागेवर नाही हे कळावे पण कोणती ते आठवू नये, तसा.

पुढच्या गावातल्या घराचे आता लहान हॉटेल झाले होते. मी गाडी लावून आत गेले तेव्हा आत्या स्वागतकक्षाशी उभी होती आणि तिथली मुलगी गोंधळून तिच्याकडे पाहत होती.

"मॅडम, तुम्ही मघाशीच वर गेलात ना? मीच दार उघडून दिलं."

"माझ्यासारखी कोणी असेल," आत्या म्हणाली. "म्हाताऱ्या बायका लांबून सारख्याच दिसतात."

"म्हातारी नव्हती हो," मुलगी म्हणाली आणि ओशाळून किल्ल्या चाळू लागली.

वरची खोली रिकामी होती. पलंगाची चादर ताणलेली, कपाट उघडे, हवेत फिनेलचा वास. काचेवर, माझ्या कपाळाच्या उंचीवर, श्वासाच्या वाफेचे एक वर्तुळ होते. ते कडांकडून आक्रसत गेले आणि नाहीसे झाले. मी ओट्यावर हात ठेवला. लाकूड एका जागी गरम होते. ऊन पश्चिमेच्या बाजूला अजून आले नव्हते.

"तिथून सरक," आत्या म्हणाली. तिचा स्वर कठोर नव्हता. मी सरकले आणि ती त्या जागी उभी राहिली.

जिना उतरताना तिने काठी वापरली नाही. मला ते गाडीपाशी पोचल्यावर लक्षात आले.

"पाय दुखत नाही?"

"आत्ता नाही."

"आत्या, हे काय चाललंय?"

गाडीचे दार उघडून ती आत बसली. "तुला पटणार नाही. मला तरी कुठं पटत होतं! पण त्या कागदासमोरून बाजूला झाले ना, तेव्हाच मला वाटलं होतं की मी पुरती बाजूला झालेली नाही. नंतर नोकरी केली, तुम्हा दोघांना वाढवलं, सगळं केलं. पण कुठंही गेले तरी मी दुसरीकडे उभी आहे असं वाटायचं. खूप ठिकाणी. पाण्याकडे तोंड करून." तिने पट्टा ओढून लावला. "चल. अजून दोन राहिलीत."

तिसऱ्या घरात एक म्हातारा एकटा राहत होता. पूर्वी जहाजावर इंजिनियर होता असे मंडळातल्या कोणीतरी सांगितले होते. त्याने दार उघडले, माझ्याकडे दुर्लक्ष करून आत्याकडे पाहिले आणि एका बाजूला झाला.

"आलात," तो म्हणाला.

सगळ्या खुर्च्या त्या खिडकीपासून लांब, भिंतीला लावून ठेवल्या होत्या. एक मात्र काचेच्या दिशेने वळवलेली होती आणि तिची बैठक खोल दबली होती.

"मी इथं बसतो," म्हातारा मला म्हणाला. "ती बसत नाही. सुरुवातीला खुर्ची देऊन पाहिली मी तिला. मग म्हटलं, असेल सवय." तो आत्याकडे वळला. "बाई, एक विचारू? न्यायला आलात का?"

"हो."

"मला सोबत होती हो."

"मला ठाऊक आहे," आत्या हळूच म्हणाली. "पण मला ती हवीय. उद्याच्या आत."

म्हाताऱ्याने मान हलवली, दबलेल्या खुर्चीत बसला आणि डोळ्यांवर हात घेतला. आत्या काचेजवळ गेली. मी या वेळी मुद्दाम तिच्या मागे उभी राहून काचेत पाहत होते, कारण एखादी गोष्ट दोनदा विचित्र वाटली की तिसऱ्यांदा ती नीट तपासावी अशी माझी शिस्त आहे. काचेत सरोवर होते, आत्या होती, मी होते. मग आत्याचा खांदा किंचित रुंद झाल्यासारखा वाटला, दोन पारदर्शक कागद सरकवून रेषा जुळवाव्यात तसा. एवढेच.

निघताना म्हातारा दारापर्यंत आला. "आता तिथं कोणी नाही," तो म्हणाला, हवामान सांगावे तसे.

शेवटच्या गावाकडे जाणारा रस्ता उतारावरून वळणे घेत जातो. आत्या ताठ बसली होती. तिच्या हाताच्या शिरा सकाळी दिसत होत्या तशा दिसत नव्हत्या. मी दादाला फोन करावा का, या विचारात होते. तो विचारणार, काय झालं? आणि मी काय सांगणार?

"पण शेवटच्या गावात घर नाहीच," मी म्हणाले. ते घर मी विद्यार्थ्यांना शिकवते. साहेबांचा सर्वांत सुंदर नकाशा: उतारावर सडपातळ खांब आणि त्यांवर तरंगणारी एकच खोली. मालकाचा विचार बदलला आणि ते कधी बांधलेच गेले नाही.

"म्हणून तर," आत्या म्हणाली. "बाकीच्यांच्या पायाखाली निदान जमीन होती. माणसं होती. हिच्या पायाखाली काहीच नाही. आणि उद्या माझा पाय गेला, की मी हिच्यापर्यंत कधीच पोचणार नाही. कळलं तुला, मी का हट्ट धरला ते?"

प्लॉट कुंपणाविना पडला होता. गुडघाभर गवत, खाली पाणी, शेजारच्या नौकागृहाला दोन रंगारी निळा रंग देत होते. दुपार कलली होती. पाकोळ्यांचा थवा उताराला लागून पाण्याकडे झेपावत होता. आमच्या डोक्याहून थोड्या उंचीवर, मोकळ्या हवेत, तो दुभंगे आणि पुढे जाऊन पुन्हा एक होई. मी वाट पाहिली. थवा परतला, दुभंगला, एक झाला. त्याच जागी.

"जोत्याची पातळी कुठं येईल?" आत्याने विचारले. तिला ते माहीत होते. तिला माझ्या तोंडून ऐकायचे होते.

मी रस्त्याच्या कडेवरून नजरेने पातळी धरली. ज्या उंचीवर खोलीची जमीन आली असती, तिच्या किंचित वर पाकोळ्या वाट सोडत होत्या. "तिथं," मी बोट दाखवून म्हणाले.

आत्या रंगाऱ्यांकडे गेली. लांबून मला त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"घोडा देता का थोडा वेळ?" त्या दोन पायांच्या घडीच्या शिडीला ते घोडा म्हणतात.

"आजी, फळं काढायचीत का? झाड तर दिसत नाही."

"झाड नाही रे. जुन्या जागेचं माप घ्यायचंय."

"बघा हं, डावा पाय लंगडा आहे त्याचा."

"माझाही," आत्या म्हणाली आणि दोघे रंगारी हसले.

त्यांनीच शिडी आणून गवतात उभी केली आणि ते कामाला परत गेले. मी शिडीचे दोन्ही पाय जमिनीत दाबून पाहिले. मग आत्याचा दंड धरला.

"पडलीस तर?"

"तर उद्याचं काम वाचेल त्यांचं."

"थट्टा नको करू. मी दादाला काय सांगू?"

"खरं सांग. त्याला ते खोटं वाटेल, पण तू खोटं बोललीस असं तर होणार नाही." तिने माझ्या गालावर हात ठेवला. तो तळवा मऊ होता, वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा असावा तसा. "बाळ, मी भ्रमिष्ट झालेय असं वाटतंय का तुला?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. झिजलेली जमीन. वाफेचे वर्तुळ. काचेतला खांदा. प्रत्येकाला वेगळे कारण देता आले असते आणि मी ते दिलेही असते, विद्यार्थ्यांसमोर, वर्गात.

"नाही," मी म्हणाले.

"मग धर नीट."

मी ठरवले. शिडीच्या दोन्ही बाजू घट्ट धरल्या आणि मान खाली घातली. मला तिची पावलेच काय ती दिसत होती. ती वर गेली, एक पाऊल, मग दुसरे, न अडखळता. डाव्या पायाचा मोजा गळून गवतात पडला. मी तो उचलायला वाकले नाही.

वरच्या पायरीवर ती थांबली.

"मी गेल्यावर शिडी काढून घे," ती वरून म्हणाली. "राहिली तर मला उतरावंसं वाटेल."

"बरं."

"आणि सहल इथपर्यंत आण. लोकांना रस्त्यावरूनच दाखव."

"बरं, आत्या."

पाण्यावरून वारा आला. थवा उतारावरून झेपावला.

माझ्या हातांतली शिडी हलकी झाली.

मी थांबले. गवतात काहीही पडले नाही.

मी वर पाहिले नाही. शिडीची घडी केली, ती आडवी करून खांद्यावर घेतली. ऊन पाण्याकडून तिरपे येत होते आणि उताराच्या गवतावर एका बाईची लांब सावली पडली होती, ताठ, डावा हात कशावर तरी टेकलेला. तिची पावले कशालाच जोडलेली नव्हती.

ती तुडवली जाऊ नये म्हणून मी वळसा घालून रस्त्याकडे गेले.